वेश आणि निवाडा

दैनंदिन मालिका पाहण्याची एक खास रीत आपल्या घरांतून रूढ झालेली आहे. संच चालू असतो, आणि कुणी समोर बसून भाजी निवडीत असते, कुणी मुलांच्या वह्या तपाशीत असते, कुणी मध्येच उठून भाताखालचा गॅस बंद करून येते. अधले चार भाग चुकलेले असतात. अशा वेळी पडद्यावरील दिवाणखान्यात एखादी नवी स्त्री पाऊल टाकते. तिने अद्याप एक शब्दही उच्चारलेला नसतो. तरीही भाजी निवडणाऱ्या हातांचा चाळा न थांबता मत येते, "ही काही बरी बाई दिसत नाही." आणि बहुतेक वेळा ते मत खरे ठरते!

हे मत कशावरून बनते? तिच्या ब्लाउजच्या बाहीवरून, टिकलीच्या आकारावरून, केस बांधलेले आहेत की मोकळे यावरून. म्हणजे व्यक्तिरेखा उलगडण्याआधीच तिचा निवाडा झालेला असतो, आणि तो वेशाने केलेला असतो. या निवाड्याचे स्वरूप काय, तो कोणत्या नियमाने चालतो आणि आपण चाहते म्हणून त्याला कितपत जबाबदार आहोत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभी एक साधी आठवण सांगतो. 'कसौटी जिंदगी की' ही हिंदी मालिका २००१ ते २००८ या काळात चालली. तिच्यातील कोमोलिका या खलनायिकेने (भूमिका उर्वशी ढोलकिया) घराघरांत धुमाकूळ घातला होता. आमच्या शेजारच्या काकू ती मालिका नेमाने पाहत. कोमोलिका दिसली की त्यांच्या तोंडून शेलकी विशेषणे बाहेर पडत. पुढे काकूंच्या भाचीचे लग्न ठरले. खरेदीच्या वेळी टिकल्यांच्या दुकानात काकूंनीच विचारले, "कोमोलिका लावते तशी आहे का हो?" आम्ही हसलो, त्याही हसल्या. परंतु त्या हसण्यात एक प्रश्न दडलेला होता. जिचा आपण रोज रात्री धिक्कार करतो, तिच्याच कपाळावरची टिकली आपल्याला हवीशी का वाटावी?

रंगभूमीच्या काळापासून आपल्याकडे वेशाचे अनुकरण चालत आले आहे. बालगंधर्वांनी रंगवलेल्या नायिकांची साडी नेसण्याची ढब, त्यांचे दागिने, केसांतील फुले यांचे अनुकरण तत्कालीन महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांतील स्त्रिया करीत असत. एका पुरुषाने स्त्रीवेष कसा धारण करावा हे दाखवावे आणि स्त्रियांनी ते आदर्श मानावे, ही घटना मोठी बोलकी आहे. मात्र तेथे अनुकरण नायिकेचे होते. प्रशंसा आणि अनुकरण एकाच दिशेने जात होते. चित्रपटाने या दोन्ही गोष्टींची फारकत केली. राज कपूर यांच्या 'श्री ४२०' (१९५५) या चित्रपटात दोन स्त्रिया आहेत. एकीचे नाव विद्या, दुसरीचे माया. नर्गिसची विद्या साध्या साडीत वावरते; नादिराची माया झगमगत्या तंग गाऊनमध्ये, हातात लांब सिगारेटदांडी घेऊन येते. नावे नसती तरी वेशाने भागले असते. मायेचा तो गाऊन कोल्हापूरच्या भानू अथैया यांच्या कल्पनेतून साकारला होता. याच भानूताईंना पुढे 'गांधी' (१९८२) या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. विद्येकडे प्रेक्षकांनी आदराने पाहिले. परंतु डोळ्यांत भरला तो मायेचा गाऊन.

मालिकांनी हा वारसा घेतला आणि आपल्या गरजेपोटी तो अधिक ठळक केला. ही गरज काय होती हे समजून घेतले पाहिजे. कादंबरीकाराजवळ पाने असतात, चित्रपटाजवळ अंधारलेले सभागृह असते. मालिकेजवळ यांपैकी काहीच नसते. तिचा भाग जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा; तोही जाहिरातींनी तोडलेला; आणि प्रेक्षकाचे लक्ष अर्धेच. ज्याचे चार भाग चुकले आहेत त्यालाही पात्र क्षणार्धात ओळखू आले पाहिजे. म्हणून वेश ही पाटी होते. दुकानावरील पाटी वाचून आत काय मिळते हे जसे कळते, तसे साडीवरून स्वभाव कळावा अशी योजना असते. या पाटीचे बळ किती असते, याचे प्रत्यंतर अभिनेत्री बदलते तेव्हा येते. झी मराठीवरील 'माझ्या नवऱ्याची बायको' (२०१६–२०२१) या मालिकेत शनाया ही भूमिका आरंभी रसिका सुनील यांनी केली. २०१८ मध्ये त्यांच्या जागी ईशा केसकर आल्या. चेहरा बदलला, आवाज बदलला. परंतु तोच आखूड वेश, तीच केशरचना, तेच नखरे कायम राहिले आणि प्रेक्षकांनी शनायाला ओळखले. 'कसौटी'ची २०१८ मध्ये नवी आवृत्ती निघाली, तेव्हा हिना खान यांची कोमोलिकाही आधी दागिन्यांनी आणि टिकलीनेच लोकांपुढे आली. नटी जाते, वेश राहतो. मग व्यक्तिरेखा नेमकी कुणाची म्हणावी?

या निवाड्याचा नियम कोणता, हा पुढचा प्रश्न. सर्वसाधारणपणे असे म्हटले जाते की मालिकांत भारतीय वेश म्हणजे सद्गुण आणि पाश्चात्त्य वेश म्हणजे दुर्गुण. हे विधान ऐकायला सोपे असले तरी अपुरे आहे. कोमोलिका साडीच नेसत होती. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधील (२०००–२००८) कारस्थानी स्त्रियाही साड्याच नेसत. उलट तुलसीच्या (स्मृती इराणी) साड्या काही कमी किमती नसत. तेव्हा साडी विरुद्ध झगा, किंवा साधेपणा विरुद्ध श्रीमंती, असा हा भेद नव्हे. भेद वेगळाच आहे. मालिकांतील स्त्रीवेशाचे मला तीन वर्ग दिसतात : वाट्याला आलेला वेश, कमावलेला वेश आणि निवडलेला वेश.

वाट्याला आलेला वेश म्हणजे घराने, लग्नाने, परंपरेने दिलेला. तुलसी भारी साडी नेसते ती विराणी घराण्याची सून म्हणून. तिच्या अंगावरचे सोने हे कुटुंबाच्या प्रतिष्ठेचे असते. ती आरशापुढे उभी राहून स्वतःला न्याहाळीत बसलेली आपल्याला क्वचितच आठवेल. २०२५ मध्ये ती मालिका नव्या रूपात परत आली, तेव्हाही प्रेक्षकांनी तिला त्याच साडीतील तुलसी म्हणून जवळ केले. झी मराठीच्या 'होणार सून मी ह्या घरची' (२०१३–२०१६) या मालिकेतील जान्हवीचे लांब मंगळसूत्र महाराष्ट्रातील सराफी दुकानांतून 'जान्हवीचे मंगळसूत्र' म्हणून मागितले जाऊ लागले. तेही याच वर्गातले. अलंकार सुंदर असावा, पण तो कुणीतरी दिलेला असावा. मग त्याचे कौतुक करण्यास मन कचरत नाही.

कमावलेल्या वेशाचे उत्तम उदाहरण दूरदर्शनच्या आरंभीच्या पर्वात सापडते. कविता चौधरी यांनी लिहिलेली, दिग्दर्शित केलेली आणि स्वतःच प्रमुख भूमिका केलेली 'उडान' ही मालिका १९८९ मध्ये सुरू झाली. त्यांच्या भगिनी कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या पोलीस सेवेतील जीवनावर ती आधारलेली होती. याच कांचनताई २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. 'उडान'मधील कल्याणी सिंग खाकी गणवेश घालते. तो पुरुषी धाटणीचा आहे, शरीराला ताठ करणारा आहे. परंतु त्याबद्दल कुणी नाक मुरडले नाही. कारण त्या गणवेशामागे परीक्षा, कष्ट आणि अपमान सोसलेले आपण पाहिले होते. त्याआधी १९८५ मध्ये प्रिया तेंडुलकर यांची 'रजनी' आली. ती अधिकाऱ्यांशी भांडते, दुकानदाराला जाब विचारते, आवाज चढवते. एरवी अशा स्त्रीला 'आगाऊ' म्हणण्यास आपण वेळ लावीत नाही. परंतु रजनी सामान्य गृहिणीच्या साडीत होती. ती साडी प्रेक्षकाला धीर देत होती की ही घरातलीच बाई आहे, घाबरू नका. वेशाने येथे स्त्रीच्या धिटाईला परवाना मिळवून दिला, हे नाकारता येणार नाही.

राहिला तिसरा वर्ग, निवडलेला वेश. कोमोलिकेची टिकली तिच्या सासूने दिलेली नव्हती, कुळाचाराने ठरवून दिलेली नव्हती. ती तिने स्वतः ठरवली होती. आज सर्पाकृती, उद्या आणखी काही. कपाळावरची ती बट विसकटलेली नव्हती, बसवलेली होती. तिचा वेश पाहताक्षणी कळे की या स्त्रीने आरशापुढे वेळ घालवला आहे, आणि तो स्वतःसाठी घालवला आहे. मालिकेच्या नीतिशास्त्रात हाच तिचा पहिला अपराध. संपत्ती आणि सौंदर्य दोन्ही येथे क्षम्य आहेत. जाणीवपूर्वक केलेली निवड तेवढी क्षम्य नाही. चांगल्या स्त्रीने सुंदर दिसावे, पण आपण सुंदर दिसत आहोत हे तिला ठाऊक नसावे! आता काकूंच्या त्या प्रश्नाचे उत्तर सापडते असे मला वाटते. धिक्कार होत होता तो कोमोलिकेच्या कारस्थानांचा. हवीशी वाटत होती ती तिची मोकळीक. आयुष्यभर वाट्याला आलेले नेसलेल्या स्त्रीला, निवडणाऱ्या स्त्रीचा हेवा वाटला, एवढेच.

'माझ्या नवऱ्याची बायको' या मालिकेत हे तिन्ही वर्ग एकत्र येतात, म्हणून तिचा थोडा विस्ताराने विचार करणे योग्य होईल. अनिता दाते यांची राधिका नागपूरची. वऱ्हाडी हेल काढून बोलणारी, साडीतली, संसारात बुडालेली. तिचा वेश वाट्याला आलेला. पती गुरुनाथ तिला गावंढळ समजतो आणि शनायाच्या नादी लागतो. प्रेक्षकांनी राधिकेला डोक्यावर घेतले. पुढे राधिका मसाल्यांचा व्यवसाय उभारते, मोठी उद्योजिका होते, आणि तिच्या राहणीत ऐट येते. हा बदलही चाहत्यांनी स्वीकारला, नव्हे, त्याचा आनंद मानला. कारण तो आता कमावलेला वेश होता. अपमानाच्या पावत्या तिच्याजवळ होत्या. शनायाजवळ अशा पावत्या नव्हत्या. तिचा वेश निवडलेला, तोही गुरुनाथच्या पैशांवर.

येथपर्यंत सारे न्याय्य वाटते. शनायाचे वागणे समर्थनीय नव्हतेच. दुसऱ्या स्त्रीचा संसार मोडणे हा दोष आहे, मग तो साडी नेसून केलेला असो वा आखूड झगा घालून. परंतु या त्रिकोणातील तिसऱ्या कोनाकडे पाहा. लग्नाचे वचन शनायाने दिले नव्हते. ते गुरुनाथने दिले होते आणि त्यानेच मोडले. या गुरुनाथचा वेश कसा होता? कचेरीत जाणाऱ्या कोणत्याही सद्गृहस्थाचा असतो तसा. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस. त्याच्या लबाडीची पाटी त्याच्या अंगावर कुणी लावली नाही. तो खोटे बोलतो हे त्याच्या कृतीतून कळावे लागले. शनायाच्या बाबतीत मात्र तिच्या गुडघ्यांवरून ते आधीच कळले होते. पुरुषाला कृतीवरून ओळखावे आणि स्त्रीला वेशावरून, हा या मालिकांचा खरा पक्षपात होय. पुरुषाने वेश निवडला तर तो त्याग किंवा विचार ठरतो. ज्या 'गांधी' चित्रपटाचा वर उल्लेख केला, त्याचा नायक सूटबूट टाकून पंचा पत्करतो, आणि ती निवड महानतेची खूण मानली जाते. स्त्रीच्या निवडीत असा काही विचार असू शकेल ही शक्यताच मालिकेला सुचत नाही.

अपवाद म्हणून 'जस्सी जैसी कोई नहीं' (२००३–२००६) या मालिकेचा उल्लेख करावा लागेल. 'बेट्टी ला फेआ' या कोलंबियातील मालिकेवरून ती बेतलेली होती. मोना सिंग यांची जस्सी दातांना तारा लावलेली, जाड चष्म्याची, ढगळ सलवार-कमीज घालणारी. आणि नोकरी कुठे, तर फॅशनच्या व्यवसायातील एका संस्थेत! वेशावरून माणूस ओळखणाऱ्यांच्या जगात जिचा वेश चुकीचा आहे अशी ती स्त्री. मालिकेचा उपहास नेमका आपल्या सवयीवर होता. त्या अभिनेत्रीचा खरा चेहराही वाहिनीने बरेच दिवस लोकांपुढे येऊ दिला नव्हता. चाहते जस्सीच्या प्रेमात पडले ते तिच्या बुद्धीच्या आणि चांगुलपणाच्या, असे आपण म्हणतो. परंतु तो ढगळ कमीजही त्या चांगुलपणाची पाटीच नव्हता काय? ती स्वतःला सजवीत नाही, म्हणून ती निर्मळ. पुढे जस्सी नव्या, आकर्षक रूपात आली, तेव्हा तिला नावही नवे घ्यावे लागले. ते नाव होते जेसिका. जुन्या नावाने नवा वेश घालता आला नाही, आणि नव्या वेशासाठी जे नाव सुचले ते ख्रिस्ती वळणाचे, हा योगायोग मला बोलका वाटतो.

कारण हा वेशाचा निवाडा आपल्या समाजाने फार जवळून अनुभवला आहे. हिंदी चित्रपटांतील रोझी, लिली, मोना आठवून पाहा. नाव ऐकू येण्याआधी फ्रॉक दिसे, आणि फ्रॉक दिसला की पुढचे ठरलेले असे. 'बॉबी' (१९७३) आणि 'जूली' (१९७५) या चित्रपटांनी ख्रिस्ती घरातील मुलीला नायिकेचे स्थान दिले, सहानुभूतीही दिली. परंतु लोकांच्या स्मरणात त्यांतील मुलींच्या दुःखापेक्षा त्यांचे आखूड कपडेच अधिक राहिले. वस्तुतः फ्रॉक हा आमच्या अनेक घरांतून निवडलेला वेश नव्हताच. तो वाट्याला आलेला होता. नाताळसाठी आईने किंवा आत्याने शिवणयंत्रावर बसून शिवलेला, पुढच्या वर्षी धाकटीला होईल म्हणून शिवण सोडून ठेवलेला. वसईतील आमच्या आज्या लुगडी नेसत. मुंबईत गेलेल्या त्यांच्या नातींच्या अंगात फ्रॉक आला. दोन्ही वेश त्यांना सारख्याच सहजतेने मिळाले होते. परंतु पडद्याने एकीचा वेश परंपरा म्हणून वाचला आणि दुसरीचा आमंत्रण म्हणून. रेल्वेच्या डब्यात, महाविद्यालयाच्या आवारात, कचेरीत या चुकीच्या वाचनाची किंमत आपल्या किती मुलींनी मोजली असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

म्हणूनच एक अप्रिय प्रश्न स्वतःला विचारणे भाग आहे. ज्यांच्यावर हा अन्याय झाला ते आपण, आज दिवाणखान्यात बसून वेगळे काय करतो? नवी स्त्री पडद्यावर आली की तिच्या बाहीवरून आपणही निकाल देतो. आणि ही सवय संच बंद केल्यावर बंद होत नाही. लग्नाच्या मांडवात, मुलगी पाहायला जाताना, नव्या सुनेच्या पहिल्या रविवारी, तीच नजर आपल्याबरोबर येते. खलनायिकेच्या भूमिका करणाऱ्या अभिनेत्रींनी मुलाखतींतून वारंवार सांगितले आहे की लोक त्यांना रस्त्यात अडवून खरोखरीचा राग बोलून दाखवतात. आपण ते प्रेक्षकांच्या भोळेपणाचे उदाहरण म्हणून हसण्यावारी नेतो. मला त्यात भोळेपणापेक्षा सराव दिसतो. रोज रात्री वीस मिनिटे केलेला, वेशावरून माणूस ठरवण्याचा सराव.

वेशभूषा ही थोर कला आहे, आणि तिने गप्प बसावे असे मी म्हणत नाही. चांगला वेश पात्राच्या मनातून येतो. पात्र बदलले की तो बदलतो, कधी पात्राच्या बोलण्याला विरोधही करतो. त्यातून आपल्याला तिच्याविषयी काही नवे कळते. मालिकेतील वेश मात्र आपल्याला आधीच ठाऊक असलेलेच पुन्हा सांगतो. भल्या स्त्रीने एखाद्या सकाळी केवळ स्वतःला आवडतो म्हणून तांबडा रंग निवडावा आणि तरीही ती भलीच राहावी. किंवा कारस्थानी स्त्रीने सुती साडीत, तेल लावलेल्या केसांनी यावे आणि आपण फसावे, एवढे धाडस जरी लेखक-दिग्दर्शकांनी दाखवले तरी मालिकांना वाङ्मयाचे थोडे मोल येईल. प्रेक्षक ते स्वीकारणार नाहीत ही सबब मला पटत नाही. कोमोलिकेची टिकली मागणाऱ्या काकूंनी ते केव्हाच स्वीकारले होते. फक्त तसे कबूल करण्याची सोय मालिकेने त्यांना ठेवली नव्हती.

काकू आता थकल्या आहेत. मध्यंतरी भेटायला गेलो तेव्हा संच चालूच होता. कुठल्याशा मालिकेत एक तरुण मुलगी बिनबाह्यांच्या झग्यात आली. सवयीने मी म्हणालो, "ही दिसते खलनायिका." काकू म्हणाल्या, "थांब रे, बोलू दे तिला आधी."